अंगावर पाजणारी आई आणि आपण

२०२२ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या बेळगाव भागात आषाढाचा पाऊस एकदा धरला म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशाच एका दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुले आपापल्या वर्गांत जाऊन बसली. पण चौथीच्या वर्गातला गोंगाट काही थांबेना. वर्गावर शिक्षिका नव्हत्या. पंधरा मिनिटांनी छत्री मिटवीत, धापा टाकीत बाई आल्या. निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. मुख्याध्यापकाला शोभेल अशा गंभीर आवाजात आम्ही विचारले, "बाई, या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झाले. कुठे जाता तुम्ही?"

बाईंनी मान खाली घातली. "सर, बाळाला पाजायला घरी गेले होते."

बाई अतिथी शिक्षिका होत्या. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर तासांचा आणि मानधनाचा हिशेब होता, बाळंतपणाच्या रजेचा उल्लेख नव्हता. जागा हातची जाऊ नये म्हणून तीन महिन्यांची तान्ही मुलगी सासूच्या स्वाधीन करून त्या शाळा सुरू झाली त्या दिवशी हजर झाल्या होत्या. घर दीड मैलावर. मधल्या सुट्टीत धावत जायचे, मुलीला अंगावर घ्यायचे, आणि स्वतः न जेवता धावत परत यायचे, असा त्यांचा क्रम चालला होता. आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असे सुचलेही नव्हते. मातृप्रेमावरील कविता तीस वर्षे वर्गात रंगवून शिकविणाऱ्या आमच्या तोंडून त्या वेळी निघाले ते एवढेच, की "शाळा सुटेपर्यंत थोडा धीर धरता येत नाही का?"

बाई काही बोलल्या नाहीत. त्या वर्गावर निघून गेल्या. बोलल्या त्या व्हरांड्यात तांदूळ निवडीत बसलेल्या, मुलांचा दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या आक्का. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सर, म्हशीची धारसुद्धा आम्ही येळेला काढतोय. चुकली तर सड दुखून म्हस लाथ मारतीया. ही बाईमाणूस हाय. बोलत न्हाई, येवढंच."

आम्ही खोलीत जाऊन बसलो. त्या दुपारी आमच्या हातून एकही कागद हलला नाही.

घरी गेल्यावर सौभाग्यवतींना हा प्रसंग सांगितला. त्यांच्याकडून सांत्वनाची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी माझी छाती दगडासारखी झाली होती, तीन दिवस ताप होता. तुम्ही तेव्हा परीक्षेचे पेपर तपासत होता." पस्तिशीकडे झुकलेल्या मुलाच्या जन्मवेळची ही हकीकत आम्ही त्या रात्री प्रथमच ऐकली. म्हणजे प्रश्न एका शाळेचा किंवा एका शिक्षिकेचा नव्हता. आम्ही पुरुषांनी या विषयाकडे कायम पाठ फिरवून ठेवली, आणि त्या पाठ फिरविण्यालाच मर्यादा असे गोंडस नाव दिले.

पुढे आम्ही जमेल तेवढे वाचले, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरीण बाईंना भेटलो, आणि वडीलधाऱ्या बायकांना विचारले. जे कळले ते वाचकांसमोर ठेवतो. कारण आमच्याइतकेच अज्ञानी गृहस्थ आणखीही असतील अशी आमची खात्री आहे.

अंगावरचे दूध रांजणात भरून ठेवलेल्या पाण्यासारखे नसते, ते विहिरीसारखे असते. उपसा होईल तसा झरा वाहतो. उपसा थांबला की तो बुजू लागतो. मूल चोखू लागले म्हणजे आईच्या मेंदूतून दोन द्रव्ये रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करविते, आणि ऑक्सिटोसिन तयार झालेले दूध बाहेर ढकलते. यालाच आपल्याकडे पान्हा फुटणे म्हणतात. हा पान्हा मोठा लहरी आहे. मुलाच्या आठवणीने तो फुटतो, कुणा दुसऱ्याच्या मुलाचे रडणे कानी पडले तरी फुटतो. उलट भीती, लाज, घाई, दुखणे यांनी अडतो. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. तिथे एखादे पोर रडू लागले की बाई फळ्याकडे तोंड करून पदर दोन्ही खांद्यांवरून का ओढून घेत, याचा उलगडा आम्हांला तेव्हा झाला. आम्ही समजत होतो, बाईंना थंडी वाजते!

आणि धीर धरला तर काय होते? दूध दाटते, गाठी धरतात, छाती लाल होऊन ताप भरतो, आणि वेळेवर उपाय न झाल्यास पूही होतो. असे रोज होऊ लागले म्हणजे शरीर समजते की दुधाची गरज उरली नाही, आणि ते आटू लागते. मग घरातली माणसे म्हणतात, "हिला दूधच नाही." नाही कसे? होते, आपण त्याला वेळ दिली नाही.

आमच्या हिरकणीची गोष्ट या प्रकाशात पुन्हा वाचून पाहावी असे वाटते. बेळगावापासून बडोद्यापर्यंत मराठी घरात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक नाही असे होत नाही. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, तिन्हीसांजेला बंद झालेला दरवाजा, खाली वाडीत भुकेलेले तान्हे बाळ, आणि अंधारात तो भयंकर कडा उतरून गेलेली आई. ही लोककथा आहे. पण लोकांनी ती इतकी खरी मानली की बुरुजाला तिचे नाव राहिले. आम्ही स्वतः ही गोष्ट वर्गात सांगताना आवाज चढवून कड्याचे वर्णन करीत असू. पहारेकऱ्याकडे मात्र आमचे कधी लक्ष गेले नाही. तो काही दुष्ट नव्हता. नियमाप्रमाणे त्याने दरवाजा लावला आणि नियमाप्रमाणे तो उघडला नाही. त्या जुलैच्या दुपारी हजेरीपुस्तक पुढ्यात घेऊन बसलेले आम्ही दुसरे कोण होतो? आणि कथेचा शेवट तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. गडाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पुढल्या हिरकणीने काय करावे?

महाराष्ट्रात एस. टी.च्या बसस्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी जो आडोसा केला, त्याला 'हिरकणी कक्ष' असे नाव आहे. नाव उत्तम. कोल्हापूरकडे जाता-येता आम्ही अशा खोल्या पाहिल्या आहेत. एके ठिकाणी तिला कुलूप होते, आणि किल्ली कुणाकडे हे तीन खिडक्या फिरूनही कळले नाही. आमच्याबरोबरच्या पुतण्याच्या बायकोने शेवटी सुटायच्या बेतात असलेल्या गाडीत, खिडकीकडे तोंड करून मुलाला घेतले. दरवाजा बंद असण्याची परंपरा आपण निष्ठेने चालवितो आहोत असे म्हणावे लागते.

आता कायद्याविषयी. पाजणाऱ्या आईला नोकरीच्या ठिकाणी काही हक्क आहेत ही गोष्ट आपल्या बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसते, आणि जिला ठाऊक असते ती मागत नाही. हिंदुस्थानात या विचाराची सुरुवात आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यात झाली. त्या वेळी बेळगावही त्याच इलाख्यात होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या सवलतीचे बिल चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली सर्व देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा आला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर ठेवावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे ठरले. रजेवरून परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळावी, ही तरतूद तर १९६१ पासूनचीच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम ठेवल्या आहेत. सरकारी नोकरांना त्यांचे स्वतंत्र सेवानियम असतात.

'दिवसातून दोन वेळा' हे शब्द वाचून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. आमच्या जन्माच्या आधीपासून हा कायदा या देशात आहे! सरकारी शाळेला तो अक्षरशः लागू होतो की नाही याचा खल वकील करोत. आमच्यापुरता प्रश्न इतकाच होता, की जी सवलत कारखान्याचा मालक देणे लागतो, ती ज्ञानमंदिराने नाकारावी काय?

न्यायालयांनीही याबाबत स्पष्ट शब्द वापरले आहेत. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की प्रसूतीचा लाभ कायम नोकरीतल्या बाईपुरता नाही, मस्टरवरच्या मजूर बाईलाही तो मिळाला पाहिजे. २०२१ साली आमच्या कर्नाटकच्या उच्च न्यायालयापुढे एका बालकाच्या जन्मदात्या आईचा आणि सांभाळणाऱ्या आईचा दावा आला होता. त्या निकालात न्यायालयाने म्हटले की अंगावर पाजणे हा आईचा आणि अंगावर पिणे हा बालकाचा अविभाज्य हक्क आहे, आणि घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्कात तो येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी पाजण्याच्या व बालसंगोपनाच्या खोल्यांविषयी सरकारांना निर्देश दिले, आणि चारचौघांत मुलाला पाजणाऱ्या आईकडे कुणी हीन दृष्टीने पाहू नये हेही सांगितले.

पण शेतातल्या बाईचे काय? आमच्या भागात ऊस, बटाटा, भुईमूग, भात. लावणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली दिसते, आणि मुकादमाकडे एक डोळा ठेवून एखादी पोरगी चिखलाचे हात पुसत तिकडे धावताना दिसते. तिला कुठली संहिता आणि कुठला सेवानियम! कर्नाटकात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींतून 'कूसिन मने' म्हणजे बाळाचे घर या नावाची पाळणाघरे २०२३ नंतर निघू लागली. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र खाजगी शेतावर रोजाने जाणारी बाई यापासून दूरच राहते. तिच्यासाठी जे काही व्हायचे ते शेतमालकाच्या घरातील माणुसकीने होते, किंवा होत नाही. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे, म्हणून हे लिहिले.

घराबाहेरचे इतके बोललो. घरात सगळे आलबेल आहे असे मात्र कुणी समजू नये. बाळंतिणीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाळंतशेपा, सारे यथासांग. परंतु जन्मल्याबरोबर मुलाला अंगावर घ्यावे, पहिले पिवळसर चिकाचे दूध हे तर त्याचे पहिले औषध, ही गोष्ट आजही सर्वत्र पाळली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ मधील फेरीत असे आढळले, की देशातील शेकडा ८८.६ बाळंतपणे दवाखान्यांत झाली. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुले मात्र शेकडा ४१.८ च. म्हणजे अंतर आता दवाखान्याचे उरलेले नाही, आपल्या समजुतींचे व आपल्या घाईचे उरले आहे. कुणी मधाचे बोट चाटविते, कुणी साखरपाणी देते, कुणी गुटी उगाळते. मध तर वर्षाच्या आतील मुलाला देऊच नये. त्यातील एका जिवाणूमुळे क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होतो. उन्हाळ्यात "पोराचा घसा सुकला असेल" म्हणून आजी चमच्याने पाणी पाजते. आईच्या दुधात शेकडा ८७ च्या वर पाणीच असते, ही गोष्ट आम्हांला डॉक्टरीण बाईंनी सांगितली तेव्हा आम्हीही चकित झालो. पहिले सहा महिने पाण्याचा थेंबही नको, पुढे वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक अंगावरचे चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या समजुतींचा दोष केवळ आजीबाईंवर टाकणे आम्हांला मान्य नाही. आमच्या मातोश्रींनी आम्हांला दीड वर्ष अंगावर पाजले. धाकट्या भावाच्या वेळी मात्र घरात डब्याचे दूध आले, कारण सुशिक्षित घराचे ते लक्षण होते. अशाच कौटुंबिक मासिकांच्या पाठपृष्ठांवर तेव्हा गुबगुबीत बाळांची चित्रे झळकत असत. डबा महाग, तो महिनाभर पुरवायचा म्हणून पुडीचे माप कमी आणि पाणी अधिक असे होत गेले, बाटली उकळायला रॉकेल पुरेना. भाऊ दोनदा हगवणीने अंथरुणाला खिळला. तो वाचला, पण "माझं मीच अंगावरचं तोडलं" हे वाक्य मातोश्री अखेरपर्यंत अधूनमधून उच्चारीत. बाटलीच्या आणि बालदुग्धाच्या जाहिरातीला बंदी करणारा कायदा १९९२ साली झाला, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो दोन वर्षांखालील मुलांच्या तयार अन्नालाही लागू झाला. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र चालत नाही ते त्यामुळेच. मातोश्रींना तो कायदा पंचवीस वर्षे आधी हवा होता.

मात्र एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. आजारपणामुळे, औषधांमुळे, किंवा प्रयत्न करूनही ज्या मातांना अंगावरचे पुरत नाही, त्यांच्याकडे आपण बोट दाखवू नये. वैद्यकीय सल्ल्याने वरचे दूध देणारी आई काही कमी प्रतीची आई नव्हे. अकाली जन्मलेल्या, आईच्या दुधाला मुकलेल्या अर्भकांसाठी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका बाईचे अधिक असलेले दूध दुसरीच्या मुलाला मिळते. पूर्वी वाड्यांतून जावा-जावा जे सहज करीत, ते तिथे तपासून, निर्जंतुक करून केले जाते.

सीमाभागातील आणि एकंदरीत महाराष्ट्राबाहेरील घरांची एक जास्तीची अडचण आहे. चंदगड-गडहिंग्लजकडून नव्याने आलेली सून दवाखान्यात जाते. भिंतीवरचा तक्ता कन्नड, हातात दिलेला कागद कन्नड. आशाताई बहुधा दोन्ही भाषा जाणणारी असते म्हणून निभावते. पण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात "मूल नीट धरते का, दुखते का, भेगा पडल्या का" हे विचारायचे आणि सांगायचे म्हणजे मातृभाषाच हवी. परक्या भाषेत माणूस दुखणे सांगतो, लाजेची गोष्ट सांगत नाही. अशा वेळी गल्लीतल्या जाणत्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या एखाद्या काकूने तिच्याबरोबर दवाखान्यात जाणे, हे आमच्या मते कुठल्याही मंडळाच्या हळदीकुंकवापेक्षा मोलाचे काम आहे. आमच्या गल्लीत एक कन्नडभाषक वैनी हे काम गाजावाजा न करता करीत आल्या आहेत.

आता आमच्या शाळेत पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना बोलावून क्षमा मागितली. त्या इतक्या अवघडल्या की क्षमेपेक्षा वेळापत्रक बदललेले बरे, हे आमच्या लक्षात आले. त्यांचे मोकळे तास मधल्या सुट्टीला जोडून दिले. जुने नकाशे आणि मोडका ग्लोब ठेवलेली एक लहान खोली होती, ती आक्कांनी झाडून घेतली. खिडकीला सौभाग्यवतींच्या जुन्या साडीचा पडदा, एक हातांची खुर्ची, पाय टेकायला पाट, पाण्याचा तांब्या, आणि दाराला आतून कडी. एकूण खर्च कडीचा. सासूबाई मुलीला घेऊन दुपारी येऊ लागल्या. पावसाने त्यांना येता आले नाही तर दूध स्वच्छ वाटीत काढून ठेवण्याची रीत डॉक्टरीण बाईंनी शिकविली. झाकून ठेवलेले असे दूध साध्या खोलीत चार तास चालते.

विरोध झाला नाही असे नाही. शाळा समितीच्या बैठकीत एका सभासदांनी "ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?" असे विचारले. आम्ही उत्तर शोधीत असतानाच समितीवरील एका पालक बाई उठून म्हणाल्या, "मीटिंगला मी माझं दोन महिन्यांचं पोर घरी ठेवून आले आहे. ती खोली आधी असती तर घेऊन आले असते." मग तो विषय तिथेच संपला. पुढल्या बैठकीला त्या पोराला घेऊन आल्या, आणि ठरावावर सही करायला खोलीतून पाच मिनिटे उशिरा आल्या. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

मोठ्या मुलींना खोली कशासाठी हे समजावून सांगावे लागले नाही. मुलग्यांना सांगावे लागले. सातवीच्या वर्गात आम्ही स्वतः जाऊन सांगितले. दोघेतिघे हसले, बाकीचे ऐकत राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत वर्गासमोर आमचे तळहात घामेजले ते त्याच दिवशी.

बाईंची नेमणूक त्या वर्षापुरतीच होती. पुढल्या जूनमध्ये दुसरे नाव आले, आणि आम्ही लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. बाई आता एका खाजगी शिकवणीत शिकवितात. त्यांची मुलगी मात्र आमच्या आवारातल्या अंगणवाडीत येऊ लागली. तिला सोडायला आलेल्या सासूबाई खिडकीतून आम्हांला हात करतात. खोली अजून आहे. दाखला न्यायला आलेल्या, अंगणवाडीत पोषण आहार न्यायला आलेल्या, पावसात आडोसा शोधणाऱ्या कितीतरी आया तिथे बसून जातात. मागच्या महिन्यात खुर्चीचा डावा हात निखळला होता. आक्कांनी दोनदा आठवण केली तेव्हा परवा सुतार बोलावून तो बसवून घेतला.